थंडीतली शाळा: उपक्रम पोरांचे की आपले?

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेचं रूपच बदलतं. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते, पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे, भीमेकाठचा ऊसपट्टा, चौथीपर्यंतची शाळा. जून ते ऑक्टोबर म्हणजे पाऊस, चिखल, तापाच्या साथी, गणपती, नवरात्र आणि शेवटी सत्र परीक्षेची घाई, त्यात पहिलीच्या पोरांकडून अक्षरं-अंक गिरवून घ्यायचे, नुसती दमछाक. नोव्हेंबर लागला की हवा कोरडी होते, मैदान वाळतं, सकाळचं ऊन हवंहवंसं वाटतं आणि पोरं स्वतःहून म्हणतात, बाई आज बाहेर बसू ना. आणि नेमकं तेव्हाच कॅलेंडर भरून जातं. बालदिन झाला की संविधान दिन, मग क्रीडा स्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, सहल, बाजार, ३ जानेवारीचा बालिका दिन, संक्रांत, मराठी भाषा पंधरवडा, २६ जानेवारी, गॅदरिंग. एक संपेपर्यंत दुसरं दारात उभं.

यावर दरवर्षी दोन तक्रारी ऐकायला मिळतात. पालक म्हणतात, शाळेत शिकवणं कमी आणि उपक्रमच जास्त. आणि स्टाफरूममध्ये म्हणतात, शिकवू द्या आम्हाला, हे उपक्रम बंद करा. दोन्ही बाजू मला समजतात, पण माझं म्हणणं वेगळंय. किती उपक्रम झाले हा मुद्दाच नाही, त्यातलं काम कुणाच्या हातांनी झालं हा मुद्दा आहे. मॉडेल बापाने केलं, भाषण आईने लिहून पाठ करून घेतलं, स्टॉल काकीने मांडला, नाच बाहेरच्या कोरिओग्राफरने बसवला आणि पोरगं फक्त फोटोपुरतं मधे उभं राहिलं, तर तो दिवस खरंच वाया गेला. पण तोच उपक्रम पोरांच्या हातात सोपवला ना, तर जे आठवडाभर फळ्यावर शिकवून डोक्यात जात नाही ते एका सकाळीत जातं. हे मी हवेत बोलत नाहीये, पुढे सांगते.

त्याआधी आमच्याकडच्या थंडीची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण शहरातल्या शाळांना ती माहीत नसते. इकडे कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीड, जालना, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, गावाबाहेर कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, पडतात आणि आमच्या हजेरीत नवी नावं येतात. म्हणजे आपोआप येत नाहीत, आम्ही कोप्यांवर जाऊन आणतो. काहींकडे मूळ गावच्या शाळेने दिलेलं शिक्षण हमी कार्ड, म्हणजे जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणूनचा कागद, असतो, बऱ्याच जणांकडे नसतो, नसला तरी आम्ही बसवून घेतो. आईबाप पहाटेच फडावर गेलेले असतात, मोठी बहीण धाकट्याला सांभाळत कोपीवर थांबलेली असते, तिला म्हणायचं त्यालाही घेऊन ये. मग तिसरीच्या वर्गात एक दोन वर्षांचं बाळ खेळत असतं, चालतंय. ही पोरं मार्चच्या आसपास पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत जातात. म्हणजे त्यांची आमची गाठ फक्त थंडीपुरती. त्यामुळे या महिन्यांत शाळेत जे काही होतं ते त्यांच्यासाठी पूर्ण वर्षाचं असतं, हे डोक्यात ठेवूनच आम्ही ठरवतो काय करायचं आणि काय सोडून द्यायचं.

आता बाजार. बाल आनंद मेळावा म्हणा, आठवडी बाजार म्हणा, बहुतेक शाळांत होतो. नेहमीचं चित्र असं की टेबलं मांडायची, फीत कापायची, आया वडापाव-पावभाजी करून आणतात, पोरं मागे ॲप्रन घालून उभी, सरपंच आणि केंद्रप्रमुख चव घेतात, ग्रुपवर फोटो पडतात, झालं. आम्ही याला चार नियम लावले. माल घरचा नाहीतर शेतातला, भांडवल लागलंच तर पन्नास रुपयांच्या आत. भावाची पाटी पोराने स्वतः लिहायची. स्टॉलच्या मागे एकही मोठं माणूस उभं राहणार नाही. आणि चौथा नियम ज्यावर सगळ्यात जास्त वाद झाला तो म्हणजे स्कॅनर नाही, फक्त रोख. काही पालक म्हणाले अहो बाई आता जग कुठे चाललंय, पोरांना क्यूआर कोड शिकवा. शिकतील की, ते शिकायला पाच मिनिटं लागतात. पण पन्नासची नोट आली, माल सतरा रुपयांचा झाला, परत किती द्यायचे हे समोर गिऱ्हाईक उभं असताना सुचणं, ही खरी वजाबाकी. फोनमधून पैसे आले की ती वजाबाकीच गायब होते आणि आपण बाजार कशासाठी भरवला तेच उरत नाही.

तर या बाजारात पेरू, बोरं, चिंचा, हरभऱ्याचा ढाळा, मेथीच्या जुड्या, शेवग्याच्या शेंगा, उसाची कांडकी असं सगळं येतं. टोळीतल्या पोरांचा प्रश्न होता, त्यांचं ना शेत ना परसबाग. आम्ही म्हटलं ती गिऱ्हाईक होतील, आम्ही दहा-दहा रुपये देऊ. पण तिसरीतली एक पोरगी, बीडकडची, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी, ती सकाळी डोक्यावर वाढ्याच्या पेंढ्या घेऊन आली. वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा, ऊस तोडला की तो राहतो, जनावरांना चारा म्हणून गावातली माणसं विकत घेतात आणि तोडवाल्या घरांना त्यातून रोजचा किराणा सुटतो. पोरं फिदीफिदी हसायला लागली, शाळेच्या बाजारात वैरण! तिने कुणाकडे बघितलं नाही, भिंतीच्या कडेला पेंढ्या रचल्या आणि त्यांच्याशेजारी उकिडवी बसली. भावाची पाटी तिला लिहिता आली नाही, म्हणजे पाटीवर ५०० काढलं आणि पुढे शेकडा कसं लिहायचं ते मला विचारलं.

अर्ध्या तासात गोठ्यावाल्या बायकांच्या लक्षात आलं. एकजण म्हणाली पंचवीस दे, किती झाले गं. पोरगी लगेच म्हणाली, "सव्वाशे. पर तुमी एकशेवीस द्या मावशी, सुट्टं असलं तर." सुट्टं नव्हतं. दोनशेची नोट होती. तिने कमरेच्या पिशवीतून ऐंशी मोजून दिले, एकदा नोटेकडे बघितलं, उजेडाला धरून, अगदी आईसारखं, आणि पिशवीत ठेवली. मी शेजारीच उभी होते. या पोरीने आदल्याच आठवड्यात माझ्या वर्गात ५२ मधून १७ वजा करा हे गणित वहीत कोरं सोडलेलं होतं. तिला वजाबाकी येत नव्हती असं नाही, तिला हातच्याची मांडणी कधी कुणी दाखवलेलीच नव्हती, दर हंगामात शाळा अर्ध्यात सुटली होती. शेकड्याचा भाव, मग पंचवीस म्हणजे पाव शेकडा, मग पाचशेचा पाव, हे सगळं तिच्या डोक्यात तयार होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिची पद्धतच फळ्यावर घेतली. १७ वरून २० ला यायला ३, वीसवरून ५० ला यायला ३०, वर दोन, झाले पस्तीस. दुकानदार सुट्टे परत देताना असंच मोजतो ना, वर चढत. सगळ्या वर्गाला ती रीत आवडली आणि मग तिच्यावरून हातच्याची वजाबाकी तिला दोन दिवसांत आली. बाजार भरवला नसता तर हे मला कळायला मार्च उजाडला असता, आणि तोवर ती गेलेली असती.

बाजारानंतर हिशेबाचा कागद भरायचा हे पण ठरलेलं. आणलं कितीचं, विकलं कितीचं, उरलं काय, आणि एक रकाना मजुरीचा. हा मजुरीचा रकाना चौथीच्या पोरांनीच वाढवला, कारण मेथीवाल्याचं म्हणणं की भांडवल शून्य म्हणून सगळाच नफा, आणि दुसरा म्हणाला तुझ्या आईने जुड्या बांधल्या त्याचं काय. अर्धा तास वाद चालला, मी मध्ये पडले नाही.

सहलीबद्दल थोडं. लांबच्या सहली मला प्राथमिकच्या पोरांसाठी पटत नाहीत, एसटी निम्म्या भाड्यात मिळते हे खरं, पण पहाटे चारला निघून रात्री अकराला परत, अर्धी पोरं उलट्या करतात आणि किल्ल्यावर जाऊन पण रांगेतच चालतात. आम्ही जवळचं धरतो. आमच्या भागात गुऱ्हाळं भरपूर, थंडीत चालू असतात, चालत जाता येतं. गेल्या हिवाळ्यात चौथीचा वर्ग गेला. आधी वर्गात प्रश्न काढले, प्रत्येकाचा एक प्रश्न, दुसऱ्याने विचारलेला परत विचारायचा नाही. काहिलीपासून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपासून, लांब दोरी बांधून घेतली कारण उकळता रस म्हणजे गंमत नाही. गुळव्या दादा आधी जरा वैतागलेले, पण पोरांनी असले प्रश्न विचारले की तेच रंगात आले. रसात भेंडीचा चिकट रस का घालता? कारण मळी वर येते, ती झाऱ्याने काढली की गूळ साफ होतो. गूळ झाला हे कसं कळतं? त्यांनी चमचाभर पाक पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळली आणि पत्र्यावर आपटून आवाज ऐकवला. एकाने विचारलं मग थर्मामीटर का नाही वापरत, तर म्हणाले हाताला कळतं की. मग दहा किलो उसाचा साधारण किलोभर गूळ होतो हे त्यांनी सांगितल्यावर पोरांनी वजनकाट्याच्या पावत्यांवरून टनाला किती क्विंटल गूळ ते तिथंच काढलं, टन म्हणजे दहा क्विंटल हे तर आमच्या पोरांना पाढ्याआधी पाठ असतं. बाकीचे नऊ किलो कुठे गेले यावर पण चर्चा झाली, चोथा आणि वाफ. बाष्पीभवनाचा पाठ मी नंतर वेगळा घेतलाच नाही.

पक्ष्यांचं तर आमच्या दारातच आहे. उजनी धरणाचं पाणी फुगलेलं असतं, भिगवण-कुंभारगावकडे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात आणि ते बघायला पुण्यामुंबईच्या गाड्या येतात, आणि आमच्यातल्या कित्येक पोरांनी मात्र ते जवळून बघितलेले नसतात. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, पक्षी अभ्यासक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, पण तो नेमका दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास पडतो म्हणून आम्ही तो शाळा भरल्यावर करतो, तारखेला कोण बघतंय. फार काही नाही, वर्गाच्या दाराला एक कागद लावायचा आणि शाळेत येताना जो पक्षी दिसला तो लिहायचा, नाव माहीत नसेल तर चित्र काढायचं. धोबी पक्षी आला की थंडी आली हे पोरांनी त्या कागदावरूनच शोधलं. पट्टकदंब हंस हिमालयावरून उडून येतो म्हटल्यावर एका पोराने नकाशावर सुतळी लावून अंतर मोजलं.

खेळ. केंद्र, बीट (म्हणजे आसपासच्या शाळांचे गट), तालुका, जिल्हा अशा पायऱ्यांनी स्पर्धा होतात, लंगडी, कबड्डी, खो-खो, धावणं, लांब उडी. इथे मला एकच सांगायचंय, की निवडक बारा पोरांना महिनाभर तयार करायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या हे बंद व्हायला हवं. आमच्याकडे शेवटचा तास रोज सगळ्यांचा खेळाचा असतो, संघ नंतर निवडतो. लंगडीला काहीच लागत नाही, चुन्याची रेघ आणि एक पाय. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, आपल्या मुलींनी आणि मुलांनी दोन्हीही जिंकले, आणि कॅप्टन दोघं महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. प्रियांका मूळची बीड जिल्ह्यातली आहे हे परिपाठात बातमी वाचताना कळलं तेव्हा टोळीतल्या पोरी एकदम ताठ बसल्या. त्या दिवसापासून खांबाला सूर मारायला त्याच पुढे.

विज्ञान प्रदर्शनावर मला जरा जास्त बोलायचंय. दुकानात तयार ज्वालामुखी मिळतो, तयार सूर्यमाला मिळते, थर्माकोलचं पवनचक्कीचं किट मिळतं. पोरगं फक्त पाठ केलेली माहिती म्हणतं, "नमस्कार, मी आपल्यासमोर सादर करत आहे". मधेच थांबवून एक प्रश्न विचारला की गप्प. यात पोराचा काय दोष, त्याने काही केलेलंच नाही. पालकांनो, मनापासून सांगते, ते मॉडेल तुम्ही केलेलं आम्हाला लगेच ओळखू येतं, आणि पोराला त्याहून आधी कळलेलं असतं की आपलं काम कुणीतरी दुसरं करतंय.

थंडीत तर प्रयोग फुकट पडलेत. खोबरेल तेल घ्या. साधारण २४-२५ अंशांच्या खाली ते गोठतं. आमच्या दुसरीच्या पोरांनी खिडकीत एक बाटली ठेवली, शेजारी शेंगदाण्याच्या तेलाची आणि एक पाण्याची, भिंतीवर थर्मामीटर. रोज शाळा भरल्यावर आणि जेवणाच्या सुट्टीत बघायचं आणि तक्त्यावर पांढरा किंवा निळा ठिपका द्यायचा. महिन्याभरात त्यांना दिसलं की खोबरेल गोठतं आणि बाकीची दोन्ही तशीच राहतात, ढगाळ दिवशी ते लवकर वितळत नाही, आणि डिसेंबरमध्ये निफाडचा पारा घसरल्याची बातमी परिपाठात आली की दोन दिवसांत आपल्याकडे पण बाटली दुपारपर्यंत पांढरीच राहते. मग एकीने विचारलं, बाई आईच्या केसाला लावल्यावर का नाही गोठत? याचं उत्तर मी दिलं नाही, वर्गाला दिलं, दोन दिवस लागले, पण अंग गरम असतं म्हणून, हे त्यांनी थर्मामीटर काखेत धरून शोधलं. हीच मुलं प्रदर्शनात ठिपक्यांचा तक्ता घेऊन उभी राहिली, काही झगमग नव्हतं, नंबर नाही आला. पण परीक्षकांनी जे विचारलं त्याचं उत्तर देत होती आणि उलट त्यांनाच विचारत होती की तुमच्या घरी कधी गोठलं.

३ जानेवारी. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ चा, नायगावचा, आणि १८४८ ला भिडेवाड्यातली शाळा, हे सगळ्या पोरांना पाठ असतं, आणि सगळ्या मुली नऊवारी नेसून कपाळाला आडवी चिरी लावून येतात, गोड दिसतात, येऊ देत. त्याला आम्ही एक जोडलंय. प्रत्येकाने घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारायचं की तू शाळेत गेलीस का, कितवीपर्यंत, आणि का सुटली. उत्तर एका ओळीत, तिच्याच शब्दात लिहायचं. "दुसरीत व्हते, भाऊ झाला, त्याला कडंवर घ्यायला कोन म्हनून सुटली." "शाळा पल्याड नदीच्या." "मास्तर मारायचा." "गेलेच न्हाई." या ओळी पोरांनी मोठ्याने वाचल्या तेव्हा भाषणांना जी शांतता नसते ती होती. आणि टोळीतल्या एका पोराने आजी गावाकडे म्हणून आईला विचारलं होतं. त्याची आई तिशीच्या आतली असेल. तिचं उत्तर होतं, "चौथीत व्हते, कोयता लागला." म्हणजे ऊसतोडीला जावं लागलं. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही परत कोप्यांवर गेलो, अजून तीन पोरी यायच्या राहिल्या होत्या.

गॅदरिंग थोडक्यात आटपते कारण त्यावर बोलावं तेवढं थोडं. भाड्याचे ड्रेस परवडत नाहीत म्हणून पोरं नाचातून नाव काढून घेतात, हे मला बघवत नाही. म्हणून आमच्याकडे घरचेच कपडे, आणि गाणी स्पीकरवर लावण्याऐवजी जमेल तेवढी तोंडाने. लेझीम, भारूड, गवळण, टोळीतल्या पोरींना कितीतरी ओव्या येतात. निवेदन तिसरी-चौथीच करते, अडखळतात, थांबतात, परत सुरू करतात, पुढे बसलेली माणसं वाट बघतात, बिघडत नाही काही.

शिष्यवृत्ती आणि नवोदय परीक्षांची पूर्वतयारी थंडीतच जोरात असते आणि तिथे पालकांचं सगळ्यात जास्त दडपण येतं. जादा तास आम्हीही घेतो. पण ज्या मुलांनी बाजारात शेकड्याचा भाव फोडलाय आणि गुऱ्हाळात टनाचे किलो केलेत त्यांना शाब्दिक उदाहरणं समजावून सांगायला कमी वेळ लागतो, हे मी दरवर्षी बघते. २०२४ पासून शनिवार आनंददायी करायचा असं शासनाने सांगितलंय, दप्तर नाही. कुणी त्याला टाइमपास म्हणतं. आम्ही सगळी मोजामापाची कामं शनिवारवर टाकलीत, मला तर तो आठवड्यातला सगळ्यात कामाचा दिवस वाटतो.

आणि आता माझ्या सगळ्यात आवडीच्या उपक्रमाबद्दल, यासाठीच खरं तर लिहायला बसले. २२ डिसेंबर. रामानुजन यांचा जन्मदिवस म्हणून राष्ट्रीय गणित दिन, आणि त्याच सुमारास वर्षातला सगळ्यात लहान दिवस, आपल्याकडे साधारण अकरा तासांचा. बहुतेक ठिकाणी त्या दिवशी प्रतिमापूजन आणि पाढे पाठांतर होतं. आम्ही मैदानात काठी रोवतो. बरोबर एक मीटर जमिनीच्या वर, सरळ उभी, सरळ आहे का ते बघायला एका मुलाचे वडील गवंडी आहेत त्यांचा ओळंबा. अकरा वाजल्यापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खुंटी मारायची आणि लांबी वहीत लिहायची, बारानंतर दर पाच मिनिटांनी. गट पाडलेले, एक खुंटी मारतो, एक टेप धरतो, एक घड्याळ बघतो, एक लिहितो, आणि दर अर्ध्या तासाने कामं बदलायची.

बारा वाजले तेव्हा सगळी पोरं ओरडली, आता सगळ्यात छोटी! कारण बारा वाजता सूर्य डोक्यावर हे सगळ्यांना माहीत. पण सावली अजून कमीच होत चाललेली. सव्वाबारा, अजून कमी. एकजण वैतागून म्हणाला टेप सैल धरलाय. परत मोजलं. साडेबाराच्या जरा अलीकडे ती सगळ्यात लहान झाली, नव्वद सेंटिमीटरच्या जवळपास, आणि मग हळूहळू वाढायला लागली. पोरं गप्प. मग एक पोरगी म्हणाली, "बाई, घड्याळ पुढं हाय." बरोबर आहे तिचं! आपलं घड्याळ चालतं ते ८२.५ अंश रेखांशावर, उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो तो, आणि आमचं गाव ७५ च्या आसपास. सूर्याला एका अंशाला चार मिनिटं लागतात. साडेसात गुणिले चार, तीस मिनिटं. चौथीच्या मुलांनी हा गुणाकार मातीत काडीने केला. (मिनिट-दोन मिनिटांचा फरक राहतो तो पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्याच्या बदलत्या वेगामुळे आणि कललेल्या आसामुळे, तो मी पुढच्या इयत्तांसाठी सोडला.)

त्यातून अजून दोन गोष्टी निघाल्या. सगळ्यात छोट्या सावलीची रेघ बरोबर उत्तर-दक्षिण असते, मग पोरांनी शाळेची इमारत तिच्याशी ताडून बघितली, आमची इमारत चांगलीच तिरकी निघाली. आणि दुसरं, डोक्यावर सूर्य का नाही आला? येतो, पण मे महिन्यात, तेव्हा शाळेला सुट्टी, आणि जुलैअखेर परत येतो तेव्हा आभाळ भरलेलं. एक पोरगं म्हणालं मी मेमध्ये घरी काठी रोवणार, रोवेल, त्याला मी ओळखते.

संक्रांतीपासून दिवस तीळ-तीळ वाढतो म्हणतात, तर पोरांनी तेही तपासायला घेतलंय, भिंतीवरच्या कॅलेंडरातून सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा रोज वहीत. दिवस डिसेंबर अखेरीपासूनच वाढायला लागतो पण सूर्य उगवायला मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशीरच होत जातो, हे त्यांच्या वहीतून दिसलं तेव्हा मला पुन्हा वाचून खात्री करून घ्यावी लागली. शाळेत यायला कुडकुडत उशीर का होतो याचं त्यांना आता लेखी कारण मिळालंय.

तर माझी विनंती, विशेषतः प्राथमिकच्या शिक्षकांना आणि ज्यांची पोरं त्या वयाची आहेत त्यांना. येत्या २२ डिसेंबरला काठी रोवा, एक दिवस इकडेतिकडे झाला तरी चालेल. नागपूरला सगळ्यात छोट्या सावलीची वेळ बारा वाजून दहा-बारा मिनिटांच्या आसपास येईल आणि सावली जवळजवळ काठीएवढीच पडेल. मुंबईला साडेबाराच्या पुढे पाच-सात मिनिटं. सावंतवाडी, गोव्याकडे एक मीटर काठीची सावली ऐंशी सेंटिमीटरच्या जरा वर, म्हणजे आमच्यापेक्षा पण आखूड. असं का, हे पोरांनाच शोधू द्या, त्यासाठी महाराष्ट्राचा नकाशा आणि सगळ्यांचे आकडे लागतील. मला फोटो नकोत, आकडे पाठवा. गाव, वेळ, सावलीची लांबी, आणि ज्याने टेप धरला होता त्याची इयत्ता. आमची पोरं नकाशावर टाचण्या लावून तयार बसलीत.